बाई कोणाला पाहून हसली

आमच्या घरात प्रत्येकाचं हसणं वेगळं होतं आणि ते न पाहताही ओळखू यायचं. बाबांचं आणि मोठ्या बहिणीचं सोडून. बाबा हसले तर आवाजच नसायचा, नुसते खांदे हलायचे. माय हसायची ती पदर तोंडात कोंबून, आणि मग ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढायची. मी हसले की अंगणातल्या कोंबड्या पळतात असं माय म्हणे. आणि माझी मोठी बहीण शेवंता, जिला मी बाई म्हणायचे, कारण आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात, तिचं हसू आधी डोळ्यांत यायचं आणि मग सवडीनं ओठांवर उतरायचं. तोवर हसण्याचं कारण निघूनही गेलेलं असायचं. त्यामुळं ती नेमकी कशाला हसली हे कोणालाच सांगता यायचं नाही. आता माणसाचं हसणं ही काय लिहून ठेवायची गोष्ट आहे का, असं कोणी म्हणेल. म्हणा बापा. पण त्या एका हसण्यापायी आमच्या घरात सगळा स्वयंपाक झालेला असून कोणी घास उचलला नाही अशी एक सकाळ उजाडली होती, आणि त्या सकाळचा गुंता माझ्या डोक्यात अजून तसाच आहे. सुटत नाही, सोडवतही नाही.

आमचं गाव सिंदेवाहीपासून दोन कोसांवर. घराच्या मागच्या कुडापासून जंगल सुरू व्हायचं आणि ते कुठं संपतं हे आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. पहाटे उखळात मुसळ पडायला लागलं की आमचे डोळे उघडायचे. चुलीवर लाखोरीच्या डाळीचा रटरट आवाज, बाबांचं बैलांशी बोलणं, आणि पावसाळा असला की ओल्या सरपणाचा धूर, असा की माय दिसायची नाही, नुसती तिची बोलणी ऐकू यायची. बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी आणि गरम भात, ही आमची मेजवानी. ती खाऊन बाया रोवण्याला निघायच्या, धान रोवायला. डोक्यावर पाऊस अडवणारी मोऱ्याची खोळ, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी, आणि गाणं. एकीनं सुरू करायचं, बाकीच्यांनी ओढायचं. लांबून फक्त वाकलेल्या पाठी दिसायच्या. तोंडं चिखलाकडं. रोवण्यात कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. आवाजावरूनच कळायचं की कोण थकलंय आणि कोण रागावलंय.

त्या उन्हाळ्यात बाईचं साक्षगंध झालं होतं, साखरपुडा. चिमूरच्या दौलतजींचा मुलगा बळीराम. दौलतजींचं नाव आमच्याकडंही लोकांना माहीत होतं, कारण ते दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाटकात, काम करायचे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्र रात्र दंडार चालते. सगळी कामं पुरुषच करतात, बायांचीसुद्धा. दौलतजी तरुणपणी बाईचं सोंग घेत, वय झाल्यावर राजा होत. साक्षगंधाला स्वतः नवरदेवानं यायची आमच्यात तेव्हा पद्धत नव्हती. मोठी माणसं आली, लुगडं दिलं, गूळ वाटला, झालं. बळीरामनं बाईला पाहिलेलं नव्हतं, बाईनं बळीरामला नाही. ती मला विचारायची, "कांते, तो काळा असन का गोरा?" मी काय सांगणार? मी म्हणायचे, "हिरवा असन." तर डोळ्यांतून हसायची.

आणि मग रोवण्याच्या ऐन दिवसांत आमच्या बांधीत, धानाच्या शेतात, जपानी आले. माणसं नव्हेत हो, पद्धत. धान रोवायची जपानी पद्धत. आमच्या बाया आईच्या पोटातून शिकून आल्यासारख्या मागं मागं सरकत रोवायच्या, जिथं हात पडला तिथं रोप. सरकार म्हणालं, तसं नको, दोरी ताणा आणि दोरीच्या गाठीगाठीला रोप लावा, ओळीत. हे शिकवायला शेतकी खात्याचा एक तरुण साहेब आला. वऱ्हाडातला, कापसाच्या मुलखातला, अंगानं किरकोळ. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो बगळ्यासारखा एकेक पाय उचलत बांधीत उतरायचा आणि दर चार पावलांनी बसायचा. त्याची नक्कल मी इतकी हुबेहूब करायचे की बाया रोवणं सोडून पोट धरायच्या. माणूस बाकी चांगला होता. माय त्याला तोंडावर विचारायची, "साहेब, दोरीनं रोवलेलं धान का जास्त गोड लागते?" तर तो म्हणायचा, "मले काय माहीत मावशी, मी जेवारी खाणारा माणूस!"

आमची बांधी रस्त्याला लागून, म्हणून त्या पद्धतीची फिल्म काढायला नागपूरहून जी गाडी आली ती आमच्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, थांबली. टोपी घातलेले एक मोठे साहेब, यंत्र सांभाळणारे एक जाडे गृहस्थ, आणि ड्रायव्हर. हिंदी बोलायचे. पहिल्यांदा ते यंत्र त्यांनी आमच्या मचाणावर चढवलं, जिथून बाबा रात्री डब्बे वाजवून डुकरं हाकायचे. तिथून खालच्या सगळ्या बाया टिपल्या. मी पण चढून पाहिलं. वरून आपली माय कोणती हेच मला कळेना! सगळ्या सारख्या, सगळ्या बारीक, पाठीत कळ कोणालाच नाही. मग यंत्र खाली उतरलं आणि टोपीवाले साहेब बायांची तोंडं पाहत धुऱ्यावरून फिरायला लागले. आमच्या बाईसमोर थांबले. "इनका चेहरा लेंगे," म्हणाले.

चेहरा घेणार म्हणजे काय करणार, मला कळेना. माय घाबरली. बाबा म्हणाले, सरकारचं काम आहे, घेऊ दे. बाईला धुऱ्याजवळ उभं केलं, हातात पऱ्ह्यांची जुडी दिली आणि यंत्र तिच्या नाकासमोर आणून ठेवलं. "बहनजी, ज़रा मुस्कुराइए." आता चिखलात उभी राहून, परक्या पुरुषांसमोर, दिवसाढवळ्या कोण हसेल? बाई काठीसारखी ताठ. साहेब पुन्हा म्हणाले. बाई अजून ताठ. मग मी यंत्राच्या अगदी बाजूला जाऊन उभी राहिले आणि शेतकीसाहेबाची चाल सुरू केली. एक पाय वर, दुसरा पाय वर, आणि धपकन चिखलात बसले. बाईच्या डोळ्यांत आलं. मग ओठांवर उतरलं. मग तिनं पापण्या खाली टाकल्या. जाडे गृहस्थ "वाह, वाह" म्हणाले आणि यंत्राचा घरघराट थांबला. मी चिखलात बसलेलीच होते, इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. शेतकीसाहेब त्या दिवशी गावातच नव्हता. तो दुसऱ्या दिवशी आला. तेव्हा बाया दुसऱ्याच्या बांधीत होत्या. त्याच्यासाठी फिल्मवाल्यांनी धुऱ्याखाली खड्डा खणला, त्यात ते जाडे गृहस्थ यंत्रासह पोटावर झोपले आणि वर पाहत त्याला टिपलं. त्यांच्या पोटाखाली पाणी शिरायला लागलं तशी त्यांची धांदल पाहून शेतकीसाहेब गालात हसला. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. दोन्ही दिवस मी तिथंच होते.

फिल्म पाहायला मिळाली ती धान कापून झाल्यावर. सिंदेवाहीच्या बाजाराच्या मैदानात दोन बांबूंना पांढरा कपडा बांधला होता. बाबांनी मोठ्या हौसेनं चिमूरला निरोप धाडला होता, सूनबाईचं तोंड सरकारनं घेतलंय, पाहायला या. दौलतजी आले, आणि त्यांच्यासोबत बळीरामही आला. पुरुष बसले कपड्याच्या पुढच्या बाजूला, यंत्राच्या उजेडाकडं. आम्ही बाया बसलो कपड्याच्या मागं. तशीच रीत होती. कपडा पातळ, चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं, आरशातल्यासारखं. ते उलटं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दिवेलागण झाली, मशीन धडधडायला लागलं, माय लाखोरीचे वडे वाटत होती, आणि कपड्यावर आमची बांधी आली. बाया ओरडल्या, "अवं, ते आपलं मोहाचं झाड होय!" पण मोह भलत्याच बाजूला होता. मला वाटलं, मोह कधी हलला?

मग तो आला. शेतकीसाहेब. पण असा की मी ओळखलंच नाही. खड्ड्यातून टिपल्यामुळं त्याचे पाय सागाच्या बुंध्याएवढे आणि डोकं ढगांना लागलेलं. त्याच्यामागं आभाळ, दुसरं काही नाही. दर चार पावलांनी पडणारा तो बापडा तिथं एखाद्या राजासारखा उभा होता. त्यानं मान वळवून खाली पाहिलं. आणि लगेच, लगेच हो, मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नाही, आमच्या बाईचं तोंड आलं. कपडाभर. बैलबंडीएवढं. मानेखाली काही नाही. एक म्हातारी किंचाळली, "मायबाई, पोरीचं मुंडकं!" त्या एवढ्या मोठ्या डोळ्यांत हसू आलं, मग ते ओठांवर उतरलं, मग पापण्या खाली गेल्या. आणि पुन्हा तो साहेब, ढगांएवढा, गालात हसताना.

माय माझा दंड धरून म्हणाली, "हे आपली शेवंता नोहे. फुली पाय, भलत्या नाकपुडीत हाय." मला क्षणभर बरं वाटलं. पण ती आमची बाईच होती. आणि जे सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगते, ते असं: मला सुद्धा तेच दिसलं. ती त्याच्याकडं पाहून हसली. मी तिथं होते, मी तिला हसवलं होतं, तो त्या दिवशी गावात नव्हता, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी दिसलं. मी डोळे चोळले. माझ्या शेजारी बाई पदर पुढं ओढून बसली होती, एवढीशी, आणि समोर ती एवढी मोठी, लाजत होती. खरी कोणती, मला कळेना.

पुढं नागपूरला मास्तरीण झाले, पुष्कळ सिनेमे पाहिले आणि या सगळ्याला नावं असतात हे समजलं. तोंड कपडाभर आलं की क्लोजअप. मचाणावरून टिपलं की माणूस बापुडवाणा दिसतो, खड्ड्यातून टिपलं की थोर. आणि एकाचं पाहणं दाखवून लगेच दुसऱ्याचं तोंड दाखवलं की पाहणारा आपल्या मनानंच दोघांच्या मध्ये दोरी ताणतो. माझा नातू मला हे परवा समजावून सांगत होता, जसं काही मी काल जन्मले. म्हटलं, बाबा रे, ही दोरी माझ्या बहिणीच्या गळ्याला लागता लागता राहिली. तुझ्या मोबाइलात ती गंमत असेल. पण टोपीवाल्या साहेबांनी हे मुद्दाम केलं होतं का? की धान रोवणं पाहून लोक कंटाळतील म्हणून आपलं असंच जोडलं? कोणाला विचारणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतजी आणि बळीराम आमच्या घरी होते. मायनं पहाटेपासून चूल पेटवली होती. वडे, भात, वरण, वांग्याची भाजी. ओसरीत पाट मांडले, ताटं वाढली. बळीरामनं हात धुतले. दौलतजींनी नाही धुतले. त्यांच्यापुढचा तांब्या तसाच भरलेला. आमच्याकडं सोयऱ्यानं हात न धुता पाटावर बसून राहणं म्हणजे काय, हे लहान पोरालाही समजतं. बाबांचा चेहरा उतरला.

"जेवा ना, दौलतजी," बाबा म्हणाले.

"जेवीन गा," दौलतजी म्हणाले. आवाज दंडारीतला, भारदस्त, पण वर चढवलेला नाही. "पयले मले एक सांगा. पोरगी कोणाले पाहून हसली? हे समजलं की जेवतो. नाई तं साक्षगंधाचं लुगडं परत द्या, आमी आमच्या वाटनं जातो."

साक्षगंधाचं लुगडं परत मागितलं की संपलं. आणि कारण असं असलं की मग त्या मुलीला चांदा जिल्ह्यात तरी दुसरं स्थळ येत नाही. बाई आत माजघराच्या दाराआड उभी होती. मला तिची फक्त पावलं दिसत होती, एकावर एक ठेवलेली. माझ्यानं राहवलं नाही. मी सरळ ओसरीत गेले.

"मले पाहून हसली," मी म्हणाले. "मी नक्कल करून राह्यली होती."

दौलतजींनी माझ्याकडं नीट पाहिलं. रागावले नाहीत. "तुले पाहून?"

"हौ."

"मंग तू पडद्यावर काऊन नाई?"

मग दौलतजीच समजावणीच्या सुरात म्हणाले, "पाय पोरी, मी जनम दंडारीत काढला. राणी हसली तं जिले पाहून हसली ते तिथं समोर उभी पायजे का नाई? उजेडात? का घरी झोपली असते? तिथं समोर कोण होतं? साहेब होता. गावानं पाह्यलं."

"पण साहेब त्या दिवशी नव्हताच!"

"मंग पडद्यावर कोण होतं, त्याचं भूत?"

त्यांचं म्हणणं खोटं होतं हे मला माहीत होतं आणि त्यात चूक कुठं आहे हे दाखवता येत नव्हतं. दंडारीत सगळी माणसं एकाच उजेडात, पायापासून डोक्यापर्यंत उभी असतात. जे तिथं नाही ते नाहीच. पडद्यावर बाईचं तोंड कापून आणलेलं, साहेबाचं आभाळ दुसऱ्या दिवसाचं, आणि मी मात्र कापली गेलेली. हे त्या वयात मी कोणत्या शब्दांत सांगणार होते? बाबांनी शेतकीसाहेबाला बोलावणं धाडलं होतं, तेवढ्यात तो धापा टाकत आला. त्याला काय झालंय हे समजल्यावर कानापर्यंत लाल झाला. "अहो, मी त्या दिवशी मूल गावाला गेलो होतो! मी तर त्या जाड्या माणसाले हसलो!" तो लाल झाला हेच दौलतजींनी पाहिलं. बोलणं ऐकलं नाही.

मग दौलतजी उठले. त्यांनी ठरवलं की जसं झालं तसं करून पाहायचं, दंडारीची तालीम करतात तसं. शेतकीसाहेबाला ओट्यावर उभं केलं. बाईला बाहेर बोलावून अंगणात, खाली. मला म्हणाले, "तू कुठी होती? जा, तिथी उभी राय. कर नक्कल. हसली तं तुझं खरं."

शेजारपाजार कुंपणाशी जमा झालं होतं. मायच्या हातात डाव तसाच, ती दारात. बाबा खाली पाहत होते. मी बाईच्या समोर गेले. तिच्या डोळ्यांत पाणी भरून आलेलं. मी एक पाय उचलला. दुसरा उचलला. ज्याची नक्कल करायची तोच ओट्यावर उभा, मान खाली घालून. मी धपकन बसले. लागलं मला, अंगण कोरडं होतं. बाईच्या डोळ्यांत काही आलं नाही. मी पुन्हा उठले, पुन्हा केलं. तोंड वाकडं केलं, जीभ काढली, कोंबडीसारखी मान हलवली. "हस ना, बाई!" मी म्हणाले. "हस ना वं!" ती माझ्याकडं पाहत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला असा राग आला तिचा! एवढं सोपं काम, एकदा हसायचं, की लग्न वाचतं. पण तिला ते करता येईना, आणि मी आपली उठतेय नि बसतेय, उठतेय नि बसतेय, आणि शेवटी मीच रडायला लागले. कुंपणाशी कोणी हसलं नाही.

"पुरे," कोणीतरी म्हणालं. तो बळीराम होता. तोवर तो एक शब्द बोलला नव्हता. पाटावरून उठून तो ओसरीच्या कडेला आला होता. काळाच होता, आणि उंच, आणि बोलताना अडखळत होता. "बाबा, ते माझ्याकडं पाहून हसली."

दौलतजी वळले. "काय म्हणला?"

"मी पयल्या रांगेत होतो. साहेब तिकडं मान वळवून पाहून राह्यला होता, एका बाजूले. ते बाजूले नाई पाहून राह्यली. ते सरळ समोर. माझ्याकडं." मग सरकूनच दाखवत म्हणाला, "मी जरासा डावीकडं सरकलो, तरी माझ्याकडं. मंग उजवीकडं सरकलो, तरी माझ्याकडंच."

"अरे, तू रोवण्यात होता का?"

"नाई. पण साहेब म्हणते तो नव्हता. हे पोट्टी होती म्हणते, तं पडद्यावर नाई. मी तं समोरच होतो."

आता या बोलण्याला काय म्हणायचं? मला वाटलं, हा वेडा आहे. बाबांनाही तसंच वाटलं असावं. पण दौलतजींनी ओसरीच्या खांबाला टेकून पोराकडं पाहिलं, आणि त्यांच्या मिशा हलल्या. "मी राधा व्हायचो ना गा," ते बाबांना म्हणाले, "तवा समोर पाहून हसलो की पयल्या रांगेतला परतेक गडी समजे, आपल्यालेच हसली. एक तं माझ्यामागं तीन गावं फिरला." बाबांचे खांदे हलले. घाबरत घाबरत, पण हलले. दौलतजी बाईकडं वळले. आवाज एकदम मऊ. "का वं पोरी? माझा पोरगा म्हणते ते खरं हाय?"

बाईनं पदर सावरला. मान खाली होती. ती मान तिनं वरखाली हलवली.

"आण पाणी," दौलतजी म्हणाले. हात धुतले, पाटावर बसले, आणि गार झालेला भात त्यांनी पोटभर खाल्ला. शेतकीसाहेबालाही ओढून शेजारी बसवलं. माय वाढताना हसत होती आणि ठसकत होती. लग्न माघात करायचं ठरलं. मी कोपऱ्यात बसून सगळं पाहत होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण ते हसू माझं होतं. मी चिखलात पडून ते काढलं होतं, आणि आता ते त्या काळ्या उंच माणसाच्या नावावर झालं होतं, बाईच्या तोंडानं.

दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. मी राखेनं ताट असं घासत होते की त्याचा जीव जावा. शेवटी म्हणालेच, "मान काऊन हालवली? त्याले पाहून हसली का तू? तो होता का तिथी? तू मले पाहून हसली!"

बाई हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडं वळली. "कांते," ती म्हणाली, "तुले बी नाई पाह्यलं मी."

"म्हणजे?"

"तू बाजूले काहीतरी करून राह्यली होती, ते समजत होतं. पण मले समोरच पाहा म्हटलं होतं ना. त्या यंत्राले मोठी काच होती. तिच्यात एक बाई दिसली, चिंचोक्याएवढी, डोकं खाली, हातात पऱ्हे. मी म्हटलं, हे कोण वं उलटी रोवून राह्यली? मंग समजलं, हे तं मीच." तिच्या डोळ्यांत ते पुन्हा आलं. "मले मोठी मजा वाटली. मी कधी पाह्यलीच नव्हती मी, रोवताना."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"कोणाले पाहून, कोणाले पाहून, असंच इचारत होते सगळे. स्वतःलेच पाहून हसली म्हटलं असतं तं कोण मानलं असतं? अन्‌ त्यायले येडी सून पायजे का?" तिनं भांडं पुन्हा हातात घेतलं. "तो म्हणते त्याले पाहून, तं असू दे. चांगला वाटला मले. तू बी तुझं म्हण. पण आता त्याच्यासमोर नको म्हणू."

आणि मी रडायला लागले. सकाळी रडले होते त्याहून मोठ्यानं, भोकाड पसरून, कोंबड्या पळाल्या. चिमूरच्या माणसांना मी हरवलं असतं, शेतकीसाहेबाला हरवलं असतं, पण त्या काचेतल्या चिंचोक्याएवढ्या बाईचं मी काय करणार होते? माय आतून धावत आली. मला पोटाशी धरून म्हणाली, "येडी होय का, बहीण सासरी जाईन म्हणून आत्तापासून रडते? अजून माघ लांब हाय." मग तिनं बाईला विचारलं, "त्याच्याचसाठी रडते ना वं हे?"

बाई माझ्याकडं पाहत म्हणाली, "हौ, त्याच्याचसाठी." मायनं माझी हनुवटी वर करून माझ्या तोंडाकडं पाहिलं, अगदी जवळून, आणि मीही मान वरखाली हलवली.